अर्थिंग

फहाहीलला, बकाल्याच्या वरच्या मजल्यावर
प्लायवूड ठोकून एका खोलीच्या तीन केल्यात,
त्यातली मधली आमची.
साडेअकराला सगळे आडवे झाले की
मी रजई डोक्यावरून ओढतो. आत लॅपटॉप, माइक
आणि नववीचं भूगोलाचं पुस्तक,
बाणकोटहून सुक्या जवळ्याच्या पिशवीतून आलेलं,
अजून त्याच वासाचं.

तहमीनासाठी वाचतो. बहिणीची मुलगी.
दिसत नाही तिला, पण कान असे
की खाडीत शिरलेली होडी कुणाची
ते नुसत्या इंजिनावरून सांगते.
पहिला धडा पाठवला, उलट निरोप आला:
"मामू, छान. पण मागे मधमाश्या कुणी पाळल्यात?"

ऐकलं. होत्या.
वाक्य थांबलं की त्या सुरू,
स्वल्पविरामातसुद्धा घर केलेलं.

पहिला संशय एसीवर. बंद केला.
ऑगस्ट होता. सहाव्या मिनिटाला अब्दुलगनी उठला
आणि मल्याळममधून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.
एसी निर्दोष.
मग फ्रीज. प्लग काढला, परत लावायला विसरलो,
सकाळी सगळ्यांचं दूध नासलं. भरून दिलं.
फ्रीजही निर्दोष.
मोबाइल मोरीत ठेवला. ट्यूब विझवली.
माइक निम्म्यावर आणला,
तर मीच विहिरीत गेलो, मधमाश्या काठावर.
वायर बदलली, चार दीनार पाण्यात.
चार्जर उपटला, आणि
एकदम शांत.
भरती संपून ओहोटी लागण्याआधी
खाडी घटकाभर नुसती उभी राहते, तशी.
पण बॅटरी म्हातारी, अकरा मिनिटं दम धरते.
अकरा मिनिटांत ब्रह्मपुत्रा
तिबेटच्या बाहेरसुद्धा पडत नाही.

मग एका रात्री, चुकून,
डाव्या हाताचं बोट लॅपटॉपच्या कडेच्या स्क्रूवर टेकलं
आणि त्या गप्प.
उचललं, आल्या. टेकलं, गेल्या.
बोटात बारीक झिणझिण,
साखरेवरची मुंगी चुकून अंगावर यावी एवढी.
पुढचे तीन धडे मी असेच वाचले,
एक बोट स्क्रूवर,
पानं हनुवटीनं उलटत.

सेल्वराज, कंपनीतला वायरमन,
शुक्रवारी टेस्टर घेऊन आला. बोर्ड उघडला.
हिरवी-पिवळी वायर आत तोडून,
टेप गुंडाळून, कोपऱ्यात दुमडून ठेवलेली.
पार्टिशन घालणाऱ्यानं दोन मीटर वाचवले होते.
"याला अर्थच नाही," सेल्वराज त्याच्या गल्फी हिंदीत म्हणाला,
"इतके दिवस अर्थ तूच होतास."
मला हसू फुटलं. का, ते त्याला समजावता येईना.
त्याच्या लेखी तो शब्द फक्त वायरीचा.

नवी वायर ओढली. तीन पिनांचा प्लग बसवला.
चहाखेरीज काही घेतलं नाही.
त्या रात्री सहावा धडा. दोन्ही हात मोकळे.
डाव्याचं काय करावं ते सुचेना,
शेवटी मांडीखाली दाबून बसलो.

सकाळी तहमीना:
"मधमाश्या उडाल्या. आता कुणीतरी घोरतंय,
आणि खाली रस्त्यावर एक टँकर
मागे, मागे, मागे येतोय. ते राहू दे.
एक विचारू? चौथ्या धड्यात एकदा
आणि पाचव्यात बराच वेळ
त्या परत आल्या होत्या. तू काय करत होतास?"

चौथ्यात पाणी प्यायलो होतो.
पाचव्यात किनारपट्टीचा नकाशा होता.
नकाशा वाचून कसा दाखवायचा ते कळेना,
म्हणून स्क्रूवरचं बोट उचलून
दाभोळपासून वर, मुरुडपासून खाली,
मी बाणकोट शोधत होतो.
छापलंच नव्हतं.

तिला लिहिलं: दोन्ही वेळा पाणी प्यायलो.